मधल्या सांध्याची चौसष्ट भोकं

कोंडसुरे,
३ फेब्रुवारी २०२५

मामा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही "हं, बोल" म्हणता आणि मग अर्धा तास तुम्हीच बोलता. कागदावर तरी मला माझं वाक्य पूर्ण करता येईल.

जानेवारीपासून मी इथल्या खाडीवरच्या लोखंडी साकवाच्या कामावर आहे, दीपेशशेठ या कंत्राटदाराकडे, हे आईनं तुम्हाला सांगितलंच असेल. माझी पहिली नोकरी. साकव उभा राहिला की मी एका कागदावर सही करायची आहे: 'सर्व सांधे तपासले, योग्य आढळले.' खाली माझं नाव. मला त्या कागदाबद्दलच लिहायचं आहे.

खाडीच्या या काठाला मळेवाडी, त्या काठाला दांडेवाडी. गाव एकच. दोन्ही वाड्या एकमेकींना 'पैलवाडी' म्हणतात आणि दोघींनाही त्याचा राग येतो. पहिला नारळ कुणाच्या काठावर फुटायचा यावर चार बैठका झाल्या. मळेवाडीचे मानकरी दाजी म्हणाले, "आमच्या देवाक पाठ दाखवन पूल सुरू जावचो नाय." दांडेवाडीनं तेच वाक्य आपल्या देवाच्या नावानं म्हटलं. दीपेशशेठनी दोघांनाही खूश केलं. एकच मुहूर्त, दोन काठ, दोन नारळ, दोन गाऱ्हाणी, आणि साकव दोन्हीकडून सुरू. त्यातून दांडेवाडीच्या मानकऱ्यांनी पायाचं काँक्रीट ओतताना गवंड्याला सांगून त्यातले बोल्ट बोटभर सरकवून घेतले, साकवाचं तोंड देवळाच्या दारासमोर यावं म्हणून. हे सगळं मी येण्याआधीचं.

काठावर बोटभर म्हणजे काहीच नाही. पण दोन्हीकडचे गर्डर जिथे मधोमध भेटतात, तिथे त्या बोटाचा हिशेब लागतो. गर्डरना जोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये एकूण चौसष्ट भोकं आहेत. एकवीस समोरासमोर आली. पस्तीस दोन-तीन मिलिमीटरनं सरकलेली आहेत. आठ तर पाच-सहा मिलिमीटरनं, आणि ती सगळी एकाच गर्डरच्या खालच्या पट्टीत. साकवावर माणसं चढली की सगळ्यात जास्त ताण तीच पट्टी घेते.

पस्तिसांना रीमर लावता येईल. आठांसाठी मोजून नवी पट्टी करावी लागेल. माझ्या हिशेबानं तीन आठवडे. दीपेशशेठ म्हणतात, गॅसकटर आणा, भोकं मोठी करा, दोन तासांत बोल्ट घाला. २ मार्चला उद्घाटन ठरलं आहे. साहेब येणार आहेत.

मी काय करू ते विचारत नाही. काय करायचं ते मला माहीत आहे. ते करायला जी हिंमत लागते, तिच्यासाठी लिहिते आहे.

गौरजा

---

वालावल,
८ फेब्रुवारी २०२५

गौरजा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, हळू वाचा, शेजारी घाबरतील.

या जिल्ह्यात मी चाळीस वर्षं शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं व्यासपीठांवर बोललो. शिवाय ग्रंथालयात बसून पुलांवरचा एक अख्खा ग्रंथ परवा वाचून काढला. त्या अधिकारानं सांगतो. आपल्या समाजाची सारी दुर्दशा तुझ्या त्या एका सांध्यात दिसते. दोन काठांवरून दोन नारळ फोडायचे, दोघांनी आपापल्या देवाकडे तोंड करायचं, आणि मधोमध भेट झाली नाही की गॅस लावायचा. आपण इतिहासातही हेच केलं, समित्यांतही हेच करतो. चूक कबूल करायची वेळ आली की जाळून मोठी करायची आणि वर रंग फासायचा.

पोरी, सही करू नकोस. माणसाकडे स्वतःचं म्हणून काय असतं? घर बापानं दिलेलं, जमीन आजोबांची, भाषा आईची. नाव मात्र ज्याचं त्यानं सांभाळायचं असतं. त्या साकवावरून शाळेची मुलं जातील, गरोदर बाई जाईल, डोक्यावर भारा घेतलेली म्हातारी जाईल. त्यातलं कुणी तुझा कागद वाचणार नाही, पण प्रत्येक जण तुझ्या सहीवर पाय ठेवून जाईल.

साहेबांची तारीख चुकली तर चुकू दे. साहेब येतात, जातात. मी तुझ्या जागी असतो तर त्या गॅसच्या सिलिंडरवर बसून राहिलो असतो.

रीमर म्हणजे नेमकं काय ते मात्र मला त्या ग्रंथातून कळलं नाही. सविस्तर लिही. भाषणात उपयोगी पडेल.

सदैव तुझ्या पाठीशी असलेला,
सदानंदमामा

---

कोंडसुरे,
१५ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र खिशात ठेवून मी दीपेशशेठना 'नाही' म्हटलं. आवाज कापला, पण म्हटलं.

आधी रीमर सांगते. निमुळत्या टोकाचा, अंगावर लांब धारदार खाचा असलेला जाड दांडा. मशीनला लावून फिरवला की तो सगळ्या पट्ट्यांमधून एकदम जातो आणि जिथे कड पुढे आली आहे तेवढीच किसून काढतो. भोक गोल राहतं, सरळ राहतं. मग त्यात एक माप मोठा बोल्ट बसतो. एका वेळी एकच भोक करायचं, बोल्ट आवळायचा, मग पुढचं. सगळी एकदम मोकळी केली तर गर्डर सरकतो.

हे काम महादू करतो. साठीचा आहे, मुंबईच्या गोदीत आयुष्य गेलं. धार थंड राहावी म्हणून रीमरवर खोबरेल तेल सोडतो. त्यामुळे खाडीच्या मधोमध, लोखंडाच्या त्या सांगाड्यात, कुणीतरी नुकतं न्हाऊन वेणी घातल्यासारखा वास येतो. मी त्याला विचारलं, गॅसनं काय बिघडतं? तो म्हणाला, "लोखंड भाजता गो बाय. भाजलेला लोखंड वरना बरा दिसता, आतून पापड. आणि भोक गोल रवना नाय. बोल्ट एका बाजूक टेकता, दुसऱ्या बाजूक वारो खाता."

आता गावाचं ऐका. माझा नकार गावच्या साकव समितीपुढे गेला. समितीला ते ओझं पेलेना, म्हणून तिनं ते देवावर टाकलं. मळेवाडीच्या देवळात कौल लावला. दाजींनी गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी साकव बांधूक घेतलो आसा, तेच्यात काय वाकडा-तिकडा झाला आसात ता सरळ कर आणि लेकरांका सांभाळून घे." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. आमच्या कामाची याहून नेमकी मागणी मी कुठल्या नकाशावर वाचलेली नाही.

मग पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या आणि दाजींनी प्रश्न विचारला, पूल वेळेत होतलो मा? उजवी पाकळी पडली. म्हणजे होणार. दीपेशशेठ हात जोडून बाहेर आले आणि पायरीवरच म्हणाले, "झालं तर. देवानंच गॅसला परवानगी दिली."

महादू चपला घालत होता. तो म्हणाला, "देवान काय चुकीचा सांगल्यान नाय. होतलो म्हणालो. कसो करूचो, ता तेका खंय कोणी इचारल्यानी?"

दाजींना ते पटलं असावं, कारण ते रागावले.

तूर्त एवढं मिळवलं आहे: महादूनं रीमर चालू ठेवायचा आणि मी आठ भोकांच्या पट्टीचं माप घेऊन कुडाळला जायचं. मी वरच्या कार्यालयातही लेखी कळवलं. अर्ज मिळाल्याचा शिक्का तेवढा आला.

जाता जाता दीपेशशेठनी विचारलं, "वालावलचे सदानंद मास्तर ते तुझेच मामा ना? काय बोलतात हो." मी हो म्हटलं. अभिमान वाटला.

गौरजा

---

वालावल,
२० फेब्रुवारी २०२५

चि. गौरजा,

पत्र मिळालं. रीमरचं वर्णन उत्तम. खोबरेल तेलाचा तपशील तर फारच सुंदर, कुठेतरी वापरीन.

मी तुझ्या प्रश्नावर अधिक खोल विचार केला. पहिलं पत्र मी भावनेच्या भरात लिहिलं, हे मोकळेपणानं मान्य करतो. तरुणपणी माणसाला प्रत्येक गोष्ट तत्त्वाची वाटते. वय वाढतं तसं समजतं की समन्वय हेही तत्त्वच आहे. दोन काठांना जोडायचं तर कुणालातरी थोडं वाकावं लागतं. लोखंडसुद्धा वाकतं, असं तूच एकदा म्हणाली होतीस.

दोन-तीन मिलिमीटर म्हणजे किती, ते मी पट्टीवर पाहिलं. माझ्या अंगठ्याच्या नखाची वाढलेली कड तेवढी आहे. त्या कडेसाठी दोन वाड्यांचं वर्षानुवर्षांचं स्वप्न अडवणं योग्य का, याचा शांतपणे विचार कर. दीपेश हा कळकळीचा माणूस आहे. वाचनही बरं आहे त्याचं. माझी दोन भाषणं त्याला तोंडपाठ आहेत.

तू सही करावीस असं मी मुळीच म्हणत नाही. करू नयेस असंही म्हणत नाही. सारासार पाहावं.

२ मार्चला माझंही तिकडे काही किरकोळ काम निघालं आहे. भेट होईलच. तुझ्या मामीनं माझा जुना रेशमी झब्बा इस्त्रीला टाकला आहे.

तुझा,
सदानंदमामा

---

कोंडसुरे,
२४ फेब्रुवारी २०२५

मामा,

किरकोळ कामाची पत्रिका छापून आली. गावभर वाटली. गुलाबी कागदावर सोनेरी अक्षरं. 'प्रमुख वक्ते: वक्तृत्वसूर्य श्री. सदानंद मास्तर. विषय: जोडणारे हात.' कोनशिलेवरही तुमचं नाव आहे, साहेबांच्या खाली आणि दाजींच्या वर. त्यावरून दाजी चार दिवस जेवले नाहीत असं त्यांची सून सांगते. काजूगर खाल्ले म्हणे.

मामा, मी रागावलेली नाही. तुमचं पहिलं पत्र अजून माझ्या खिशात आहे. दुसरं मी पत्र्याच्या पेटीत ठेवलं आहे. दोन्ही पत्रांच्या माणसाला मी ओळखते. कोणता कधी येतो, एवढंच कळत नाही.

आता काय झालं ते. मी कुडाळला पट्टी करून घ्यायला थांबले होते तेव्हा इथे त्या आठ भोकांना गॅस लावला. गर्डर वाचला, जोडपट्टी तेवढी जाळली. वर रुंद वॉशर ठेवून सगळं झाकलं आणि चंदेरी रंग मारला. महादूची एकोणीस भोकं रीमरनं झाली होती. उरलेल्या सोळांत आधीच्याच मापाचे बोल्ट घणानं ठोकून बसवले. आणि खाडीत सांध्याखाली आधाराला उभी केलेली लोखंडी घोडी काढून टाकली, कारण ती पताकांच्या फोटोत येत होती. म्हणजे आता सगळा भार त्या भाजलेल्या पट्टीवर आहे.

नवी पट्टी मी आणली आहे. ती शेडमध्ये पडून आहे. बसवायची तर घोडी पुन्हा उभी करावी लागेल. दीपेशशेठ म्हणाले, "उद्घाटनानंतर बघू." मी म्हटलं, मग उद्घाटनानंतरच सही. ते हसले. म्हणाले, "सही फायलीला लागते. फीत कापायला कात्री पुरते."

मला वाटत होतं, माझ्या सहीशिवाय साकव उघडणार नाही. चूक माझी. मी तिला कुलूप समजत होते.

साकव रिकामा असेल तर उभा राहील. दोन-चार माणसं गेली तरी बहुधा उभा राहील. पण २ तारखेला साहेबांच्या मागून दोन्ही वाड्या एकदम वर चढणार आहेत, दोन्हीकडून, मधोमध भेटायला. तशी योजना आहे. मधोमध पुष्पवृष्टी आहे.

सोबत दोन कागद पाठवते. भोकावर कागद धरून पेन्सिल घासली आहे, लहानपणी आपण नाण्यावर घासायचो तशी. एक महादूच्या रीमरचं. दुसरं गॅसचं. तुम्ही अक्षरं तपासण्यात आयुष्य घालवलंत. ही दोन तपासा.

पहिल्या रांगेत साहेबांच्या शेजारी तुम्ही चालणार आहात.

गौरजा

---

वालावल,
२७ फेब्रुवारी २०२५

गौरजा,

कागद पाहिले. पहिलं गोल आहे. दुसरं कुरतडल्यासारखं. मी चष्मा बदलून पाहिलं, तरी तसंच दिसलं.

मी येतो आहे. भाषण लिहून झालं होतं. ते आज फाडलं. नवं लिहायला बसलो तर शब्द येईनात. असं याआधी कधी झालेलं नाही.

मामा

---

कोंडसुरे,
४ मार्च २०२५

मामा,

परवा तुम्ही इतक्या घाईत गाडीत बसलात की बोलणं झालं नाही. त्या दिवशी व्यासपीठावरून तुम्हाला फक्त गर्दी दिसत होती. मी साकवाच्या तोंडाशी उभी होते, म्हणून मला काय दिसलं ते लिहिते.

साहेब साडेदहाला आले. त्यांच्या माणसाच्या हातात दौऱ्याचा कागद होता: साडेअकरापर्यंत कोंडसुरे, साडेबाराला देवगड. आधी तुमचं भाषण, मग फीत, मग साकवावरून चालणं. तुम्ही अकराला दहा कमी असताना उठलात.

मला वाटलं, आता सांगणार. तुम्ही घसा खाकरलात आणि म्हणालात, "जोडणारे हात या विषयाकडे वळण्यापूर्वी, हात म्हणजे काय, हे पाहू." हातावरून तुम्ही बोटांवर गेलात, बोटांवरून शेतीवर, शेतीवरून समुद्रावर. सव्वाअकरापर्यंत तुम्ही खलाशांच्या गाठींपाशी होतात. काशीबाई, दांडेवाडीच्या, केळीचे घड घेऊन रोज होडीनं येतात त्या, माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुझो मामा नावेत बसलो तर नाव भरतीची वाट बघीत बसतली."

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. पहिली चिठ्ठी तुम्ही माईकवर मोठ्यानं वाचलीत, "आवरते घ्यावे," आणि म्हणालात, "श्रोत्यांमधून सूचना आहे की आवरते घ्यावे. हा नम्रपणा कोंडसुऱ्याच्या मातीतच आहे. पण मी तुम्हाला उपाशी पाठवणार नाही." दुसरी चिठ्ठी दीपेशशेठनी स्वतः आणून दिली. ती वाचून तुम्ही दीपेशशेठच्या कळकळीवर दहा मिनिटं बोललात. त्यांना उठताही येईना, कारण लोक टाळ्या वाजवत होते.

बाराला पाच कमी असताना साहेबांचा माणूस त्यांच्या कानाशी लागला. साहेबांनी बसल्या जागीच फीत मागवली. दोन माणसांनी ती खुर्चीसमोर ताणून धरली. कच् केलं, फोटो निघाले, गाड्या गेल्या. साहेबांचा पाय साकवाला लागला नाही. मान त्यांचा, त्यांच्याआधी कुणी चढायचं नाही हे ठरलेलं, म्हणून दाजीही थांबले, दांडेवाडीवालेही थांबले. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी ओरडलं की वडे गरम आहेत. दोन्ही वाड्या तिकडे वळल्या. मी आणि महादूनं साकवाच्या दोन्ही तोंडांना दोरखंड बांधले आणि काटेरी फांद्या टाकल्या. कुणी विचारलं नाही.

तुम्ही एक तास पाच मिनिटं बोललात. त्यात भोक हा शब्द एकदाही आला नाही. हे तुम्ही ठरवून केलंत की नाही, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

गौरजा

---

वालावल,
९ मार्च २०२५

गौरजा,

विचारलंस म्हणून खरं लिहितो. तोंडी विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की हो, सगळं ठरवून केलं, आणि ते तुला पटवूनही दिलं असतं.

मी खरं बोलायला उठलो होतो. पहिलं वाक्य तयार होतं: "या साकवाच्या खालच्या पट्टीत आठ भोकं जाळलेली आहेत." समोर साहेब होते. टेबलावर घडी घातलेली शाल होती, नारळ होता. दाजी माझ्याकडे असे पाहत होते की मी अडखळलो तर त्यांचा उपास सुटेल. ते वाक्य घशापर्यंत आलं आणि तिथून परत गेलं. मग मी हातांबद्दल बोलू लागलो.

दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी बोलत आहे तोवर कुणी साकवावर जात नाही. तेव्हापासून ठरवून बोललो. चाळीस वर्षांत मी माणसं जागी करण्यासाठी बोललो असं समजत होतो. परवा पहिल्यांदा माझ्या भाषणाचा उपयोग झाला, तो माणसं बसवून ठेवण्यासाठी.

खरं बोलायचं धैर्य नव्हतं म्हणून लांब बोललो. हे तू कुणाला सांगू नकोस. इथे वालावलात लोक म्हणताहेत की मास्तरांचं आजवरचं सर्वांत मोठं भाषण झालं. मी त्यांना अडवलेलं नाही.

शाल तुझ्या मामीनं ठेवून दिली.

साकवाचं पुढे काय?

सदानंदमामा

---

कोंडसुरे,
१९ मार्च २०२५

मामा,

साकवाचं पुढे चांगलं झालं, आणि ते ज्या कारणानं झालं त्याला तुम्ही हसाल. फोटो छापून आल्यापासून साकवाकडे कुणी फिरकलं नाही. समिती विसरली, कार्यालय विसरलं. दोन्ही वाड्या पूर्वीसारख्या होडीनं जाऊ-येऊ लागल्या. कुणाला विचारलं तर म्हणत, पूल झाला ना, पेपरात आलाय. जिल्ह्यात काम नीट करायचं असेल तर आधी त्याचं उद्घाटन उरकून घ्यावं, हे मी शिकले.

दीपेशशेठना फाईल बंद करायची होती आणि फाईल माझ्या सहीशिवाय बंद होईना. कात्री तिथे चालत नाही. म्हणून त्यांनीच घोडी परत आणून दिली. सांधा जॅकनं उचलून भार काढला, जळकी पट्टी सोडवली, नवी बसवली. घणानं ठोकलेले सोळा बोल्ट महादूनं एकेक करून काढले, रीमर फिरवला, मोठे बोल्ट घातले. शेवटच्या भोकाला त्यानं मशीन माझ्या हातात दिलं. म्हणाला, "दाबू नको. तेका जावंदे. तो आपली वाट करता." मी दाबलं नाही. चकचकीत किसाची एक लांब गुंडाळी बाहेर आली आणि पाण्यात पडली. मग महादूनं आत बोट फिरवलं आणि त्यात घालायचा बोल्ट उचलला.

काल, १८ तारखेला, मी चौसष्टच्या चौसष्ट मोजून लिहिली. कुठलं भोक रीमरनं किती वाढवलं, कुठली पट्टी का बदलली, सगळं. दीपेशशेठनी वाचलं आणि म्हणाले, बाकी राहू दे हवं तर, तारीख तेवढी १ मार्च टाक. कोनशिला २ मार्चची आहे. उद्घाटनानंतर तपासणी झालेली दिसली तर लोक काय म्हणतील?

मी म्हटलं, उद्घाटनानंतर तपासणी झाली असं म्हणतील.

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग शांतपणे म्हणाले की पुढच्या कामावर मी नको. मी १८ मार्च लिहिलं आणि सही केली. अक्षर वाईट आलं.

आज सकाळी दोरखंड सोडले. मान कुणाचा यावर बोलणं सुरू होणार एवढ्यात काशीबाई केळीचे घड घेऊन त्या काठावरून चालत आल्या. दाजी म्हणाले, "गे, थांब, गाऱ्हाणा घालूचा आसा." त्या म्हणाल्या, "घाला तुमी. माका बाजार गावना नाय." आणि उतरून निघून गेल्या.

मी परवा मिठबावला आईकडे जाते. महादूनं देवगडला एका शेडच्या कामाचं सुचवलं आहे. बघू.

गौरजा

---

वालावल,
२५ मार्च २०२५

गौरजा,

काल एस.टी.नं कोंडसुऱ्याला जाऊन आलो. कुणाला सांगितलं नाही, झब्बाही घातला नाही. साकवावरून त्या काठाला गेलो आणि परत आलो. मधोमध थांबून खाली वाकून पाहिलं. बोल्ट दिसतात, भोकं दिसत नाहीत. चांगलं केलेलं काम असं झाकलेलंच असतं, असं एक वाक्य सुचलं. ते मी तिथेच सोडून दिलं. बोलायला समोर कुणी नव्हतं.

दोन पोरं सायकली हातात धरून गेली. एक बाई बाळाला घेऊन गेली. कुणी खाली पाहिलं नाही.

मळेवाडीच्या तोंडाशी कोनशिला आहे. माझं नाव ठळक आहे, खाली २ मार्च कोरलं आहे. त्या दिवशी तो साकव माणसांना पेलणारा नव्हता, हे त्या दगडावर नावं असलेल्यांपैकी मला एकट्याला माहीत होतं. तुझ्या नावाखाली खरी तारीख आहे आणि त्यापायी तुझी नोकरी गेली. माझ्या नावाखाली खोटी आहे आणि मला शाल मिळाली. दगड पुसता येत नाही. दाजी भेटले. त्यांना मी म्हटलं, माझं नाव काढून टाका. त्यांना वाटलं मी त्यांची चेष्टा करतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या जागी असतो तर सिलिंडरवर बसलो असतो. नसतो बसलो. मी खुर्चीवर बसलो. सिलिंडरपाशी तू होतीस.

तुझ्या तपासणीच्या कागदाची एक प्रत मला पाठव. चौसष्ट ओळींची ती. भाषणात वाचणार नाही, कुणाला दाखवणार नाही. नुसती घरात ठेवीन.

मामा